नमुन्यातला पत्ता

“साहेब, तुमचा सर्व्हर सकाळपासून बंद आहे. आमचं अख्खं ऑफिस खोळंबलंय,” फोनवरचा मॅनेजर म्हणाला.

“तो सर्व्हर-बिर्व्हर नाही, माझ्या घरचा कॉम्प्युटर आहे. मीच बंद केलाय,” प्रोग्रामर म्हणाला.

त्याने बनवलेला प्रॉक्सी प्रोग्राम कुणीही फुकट घ्यावा असा होता. ऑफिसातल्या माणसाने इंटरनेटवर काही मागितलं, की हा मध्यस्थ ते आपल्या नावावर मागून आणून देतो, एवढंच त्याचं काम. लोकांना करून बघता यावं म्हणून त्याने माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यात घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता घातला होता. खाली ठळक लिहिलं होतं, हा पत्ता उदाहरणादाखल आहे, इथे तुमचा घाला. पण वाचतो कोण? लोकांनी नमुना जसाच्या तसा उचलला आणि कुठली कुठली ऑफिसं याच्या घरच्या लाइनवर येऊन बसली.

त्याच लाइनवर बायको मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. वर्षभर तिचा आवाज तुटत होता, चित्र गोठत होतं. तो लाइनवाल्यांशी भांडला, नवी वायर ओढून घेतली. तरी क्लासमधून एकेक मूल गळत गेलं. आज सकाळी त्याने कॉम्प्युटरवरच्या नोंदी उघडून पाहिल्या, त्यांत या अनोळखी ऑफिसांची रांग दिसली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझा नंबर कुठे मिळाला तुम्हाला?” त्याने विचारलं.

“पुस्तिकेतच आहे की.”

“मग त्याच पानावरची ठळक ओळ नाही दिसली?”

“अहो, एवढं वाचायला वेळ कुणाला आहे? आधी सवय लावायची आणि मग असं तोंडघशी पाडायचं, बरं दिसतं का हे?”

“माझ्या बायकोचा क्लास बसला तुमच्यापायी, ते बरं दिसतं?” त्याचा आवाज चढला. “तुमच्यासारख्यांच्या तक्रारींना मी रोज फुकट उत्तरं देतो. आता स्वतःचा सर्व्हर घ्या, नाहीतर हातावर हात धरून बसा. मी चालू करणार नाही.”

फोन टेबलावर आपटून तो लॅपटॉपवर पुस्तिकेतला पत्ता खोडायला बसला. मॅनेजरला झापलं खरं, पण पत्ता घालणारा हात त्याचाच होता, आणि बायकोला हे अजून सांगायचं होतं.

“कुणावर ओरडत होतास?” तिने आतून विचारलं. “हळू जरा, तास सुरू होतोय. आज चित्र किती स्वच्छ आलंय रे.”

तो दारात जाऊन उभा राहिला. पडद्यावर एकच मुलगी होती. बायकोने केस सारखे केले, खडू हातात घेतला.

“चला मुलांनो,” ती म्हणाली, “वह्या उघडा.”