रिपोर्ट उघडेपर्यंत

गाद्यांच्या कंपनीत विक्रीचा कारभार मामासाहेबांकडे होता, कारण ते मालकीणबाईंचे सख्खे मामा होते. दुसरं कारण आजवर कुणाला सापडलेलं नाही. दर सोमवारी बैठकीत विक्रीचा रिपोर्ट पडद्यावर लावायचा, आणि तो उघडेपर्यंत मामासाहेबांनी परदेश दौऱ्याच्या गप्पा हाणायच्या. आकडे दिसू लागायचे तेव्हा सगळे जेवायला उठलेले असायचे.

नवीन आलेल्या डेटा ॲनालिस्ट बाईंना हे बघवेना. त्यांनी रिपोर्टमागचं मॉडेल, म्हणजे आतली माहितीची मांडणी, उघडलं. एकाच अवाढव्य टेबलात सगळं कोंबलेलं, म्हणून रिपोर्ट रखडायचा. विक्रीच्या प्रत्येक ओळीत दुकानाचा पत्ता, गादीचं वर्णन, ट्रक ड्रायव्हरचा फोन नंबरसुद्धा. हे कुणी बघत नव्हतं. पण प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या साहेबाने कधीतरी मागितलेला, त्यामुळे तो काढायची कुणाची छाती होत नव्हती. बाईंनी नको ते सरळ उडवलं. दुकानं, गाद्या आणि तारखा यांची छोटी टेबलं वेगळी काढली, विक्रीच्या टेबलात नुसते आकडे ठेवले आणि सगळी एकमेकांना जोडली.

पुढच्या सोमवारी मामासाहेबांनी विमानतळावरचा किस्सा सुरू केला, तोवर रिपोर्ट उघडलासुद्धा. त्यांच्या लाडक्या विभागात त्या महिन्यात विकलेल्यांपेक्षा परत आलेल्या गाद्या जास्त होत्या.

"मामा, हे काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एवढ्या पटकन उघडतो म्हणजे यात काहीतरी गाळलंय," मामासाहेब म्हणाले.

टेबलाभोवतीच्या माना लगेच डोलल्या. बाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारीशेजारी लावून दाखवला. एका गादीचाही फरक नव्हता. मामासाहेबांना नेमका तेव्हाच चष्मा सापडेना.

बैठकीनंतर मालकीणबाईंनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. आता मामांची खरडपट्टी निघणार, असं बाईंना वाटलं.

"बैठकीत जुनाच लावत जा," मालकीणबाई म्हणाल्या. "नवा माझ्या फोनवर दे. मामांना चारचौघांत उघडं पाडलं तर आई मला घरात घेणार नाही."

परत येणाऱ्या गाद्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. बघू, असं उत्तर मिळालं.

रिपोर्ट कोण कधी उघडतं ते बाईंना दिसायचं. मालकीणबाई रोज सकाळी तो न चुकता उघडत होत्या. सगळं वाचत होत्या आणि ढिम्म हलत नव्हत्या. मामासाहेबांचा निदान अडाणीपणा तरी होता. इथे तोही नव्हता. बाईंनी राजीनामा दिला आणि निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं.

पुढे परत आलेल्या गाद्या ठेवायला जागा पुरेना, तेव्हा कंपनीने आणखी एक गोदाम भाड्याने घेतलं. फीत मामासाहेबांनी कापली.