गोठ्यातला टॉवर

कुरुळीच्या रोहिणीला एक नवाच छंद जडला होता. कामाला जाताना कंपनीच्या बसमध्ये बसली, की ती मोबाइलवर एक अ‍ॅप सुरू करायची. वाटेत कुठल्या टॉवरची रेंज किती मिळते, ते अ‍ॅप आपोआप टिपून घ्यायचं. अशा ठिकठिकाणच्या लोकांच्या नोंदी जमल्या, की टॉवर कुठे असेल याचा अंदाज बांधून नकाशावर ठिपका उमटायचा. शेजारी बसलेली मैत्रीण पुनम झोपा काढायची आणि रोहिणी ठिपके बघत बसायची.

एका रविवारी सकाळी दारात स्कूटर थांबली. निगडीहून एहसान नावाचा तरुण आला होता. रोहिणीची सासू ठकुबाई शेणानं भरलेल्या हातांनीच पुढं झाली.

"मावशी, तुमच्या गोठ्यात टॉवर आहे ना? फोटो काढायचा होता."

ठकुबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गोठ्यात दोन म्हशी हायेत. त्यातली एक गाभण हाय. टॉवर काय दिसला न्हाई बाबा."

आत चहा गाळणारी रोहिणी लगबगीनं बाहेर आली. एहसानलाही टॉवर शोधून त्यांचे फोटो काढायचा नाद होता; त्याच्या फोनवर तेच अ‍ॅप होतं आणि ठिपका बरोब्बर त्यांच्या गोठ्यावर. तिला एकदम उलगडा झाला.

"हा माझाच उद्योग," ती ओशाळून म्हणाली. "इथल्या सगळ्या नोंदी माझ्या, आणि त्याही बसच्या एकाच रस्त्यावरून घेतलेल्या. मागच्या बाजूची एकही नाही. म्हणून अंदाज चुकला."

"मग ताई, मागून फिरून येऊ. ठिपका सरकेल."

"सरकलाच पायजे," ठकुबाई म्हणाली. "न्हाईतर उद्या शेजारची भिमाबाई म्हनंल, तुमच्या म्हशींमुळं माझा फोन कटतोय."

हात धुऊन ती रोहिणीच्या स्कूटीवर मागं बसली. आरतीचं ताट धरावं तसा तिनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता. एहसान मागोमाग निघाला. शेतांमधून, नव्या चाळींमागून धूळ खात तिघं फिरले. वाटेत कुणी विचारलं, की ठकुबाई ऐटीत सांगायची, "टॉवर हुडकतोय."

शेवटी एका गोदामाला वळसा घातला आणि रोहिणीनं ब्रेक दाबला. गोदामाच्या गच्चीवर टॉवर उभा होता. पुढच्या भल्यामोठ्या जाहिरात फलकामुळं तो बसमधून कधी दिसलाच नव्हता. रोज याच्या समोरून जायचं आणि पत्ता नसावा, याचं तिलाच हसू आलं. एहसाननं फोटो काढायला फोन उचलला, तशी ठकुबाई डोक्यावर पदर घेऊन मधोमध जाऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये जेवताना रोहिणीनं नकाशा उघडला. ठिपका गोदामावर गेला होता. तिनं लगेच घरी फोन लावला.

"आत्या, सरकला बरं का ठिपका."

"बरं झालं," ठकुबाई म्हणाली. "मंग आता रविवारी कुठं जायचं?"

रोहिणीनं नकाशा पुढं सरकवला. "चाकणला कांदा बाजाराच्या मागं एक ठिपका चुकल्यासारखा वाटतोय."

"बघू मग त्याच्याकडं," ठकुबाई म्हणाली. "गाडीत पेट्रोल तेवढं भरून ठेव."