दाजींची वेलांटी

मानवजातीच्या इतिहासात खरे शोध तीनच: अग्नी, चाक आणि दाजींची वेलांटी. हे मत खुद्द दाजींचं. ताईचं म्हणणं, पहिल्या दोहोंचा घरात उपयोग तरी होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी मानपत्रं लिहिण्यात घालवला. शहरातल्या कुठल्याही थोर माणसाचा थोरपणा दाजींच्या बोरूखालून गेल्याशिवाय पक्का होत नसे. लिहिताना ते श्वास रोखून धरत. एक अक्षर, एक श्वास. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचं नाही असा दंडक होता. माझ्या भाचीला बोलता येण्याआधी शिंक गिळता येऊ लागली.

मग एक दुखणं आलं आणि दाजींचा उजवा हात थरथरू लागला. चहा कपात दिला तरी ते बशीतूनच पीत. तो आपोआप तिथे पोचलेला असे. बोरू कपाटात गेला. एरवी वरणातल्या मिठावर व्याख्यान देणारे दाजी त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. यावरून काय ते समजा.

भाची कॉम्प्युटरसाठी टाइप, म्हणजे अक्षरांचे फॉन्ट, घडवते. तिनं बापाला न विचारता थोर मंडळींच्या, म्हणजे आता बहुतेक त्यांच्या वारसांच्या, भिंतींवरची मानपत्रं उतरवली, फोटो काढले आणि एकेक अक्षर पडद्यावर उभं केलं. दाजी भिंग घेऊन तपासायला बसले.

"हा ‘श’ माझा नाही. माझा ‘श’ जरा गर्विष्ठ होता."

"बाबा, याची मान आणखी वर केली तर मागे पडेल तो."

"पडू दे. पण वाकायचा नाही."

अक्षरं झाली, जोडाक्षरं झाली. गाडी अडली ती प्रश्नचिन्हापाशी.

"मानपत्रात प्रश्नचिन्ह? ‘आपण खरंच थोर आहात का?’ असं विचारायचंय?"

"बरं, निदान बाण तरी? सगळ्या टाइपांत असतो."

"मुळीच नाही. ही समारंभाची अक्षरं आहेत. ती उभी राहतात, बोटं दाखवत नाहीत."

टाइप बाणाविना पुरा झाला.

त्याच सुमारास शहरात नवी संगीतशाला बांधून झाली. दारावरच्या नावासाठी दोन नमुने आले: एक इमारतीच्या आर्किटेक्टचा, विटा रचल्यासारख्या चौकोनी अक्षरांचा, दुसरा आमचा. संगीतशालेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोन्ही वर लावून बघू. रस्त्यापलीकडून जो शोभेल तो राहील." चौकोनी अक्षरं लावून, बघून उतरवलीही. आता आमची पाळी होती. "राहिलं काय, न राहिलं काय," असं म्हणत दाजींनी सकाळपासून तीन सदरे बदलले.

आम्ही पोचलो तेव्हा मिस्त्री शिडीवर होता आणि लाकडात कापलेली सोनेरी अक्षरं वर चढली होती. दाजी बघतच राहिले. प्रत्येक पाटीवर ठेवतो तशी मिस्त्रीनं दोन अक्षरांत बोटभर फट ठेवली होती! दाजींच्या अक्षरांची शिरोरेषा सलग धावते. ‘गी’ची वेलांटी पुढच्या ‘त’वर छत्रीसारखी झुकते. इथे रेघेचे दात पडले होते, छत्री हवेत होती आणि ‘त’ बिचारा उघड्यावर.

"अहो मिस्त्री, फट कसली ठेवलीत?"

"ठेवावीच लागते, काका. अक्षरांना हवा नको?"

"माझ्या अक्षरांना नको! श्वास रोखून काढलेली आहेत ती!"

मिस्त्रीनं भाचीकडे पाहिलं. "ऐका त्यांचं," ती म्हणाली, "मीही तेच करते."

दाजी रस्त्यात उभे राहून हातानं खुणा करू लागले. हात एकाच वेळी चारी दिशा दाखवत होता.

"काका, डावीकडे घेऊ का उजवीकडे? एक काहीतरी सांगा!"

मग दाजींनी हात खिशात घातला आणि नुसत्या आवाजानं अक्षरं हलवायला सुरुवात केली. "‘त’ डावीकडे. आणखी. केसभर. बास!" शेवटच्या ‘ला’ला त्यांनी श्वास रोखला. ताईनं रोखला, भाचीनं रोखला; आणि आयुष्यभर या श्वासाची टिंगल करत आलेला मीसुद्धा. रेघ रेघेला टेकली.

अध्यक्षबाई आर्किटेक्टसह आल्या. तो म्हणाला, "आहे सुंदर. पण लांबून वाचता येईल का?"

"मी कोपऱ्यापासून वाचतच आले," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर करून पुन्हा एकदा सावकाश वाचलं. "संगीतशाला. उतरवू नका हो, मिस्त्री. हेच राहील."

दाजींनी श्वास सोडला. खिशातून हात काढला. तो थरथरत होता. दारावरच्या अक्षरांतला मात्र अगदी स्थिर होता.

ताई किती तरी वेळ वर बघत होती. "घरात उपयोगाची नव्हतीच ही वेलांटी," ती म्हणाली. "घर लहान पडत होतं तिला." दाजींची मान अशी काही ताठ झाली, की ‘श’ कुणावर गेलाय ते मला आज कळलं.

इतक्यात आतून पहारेकरी आला. त्यानं दाजींना कडक सलाम ठोकला.

"साहेब, ही अक्षरं तुमचीच ना? काय रुबाब आहे! एक काम होतं. सकाळपासून जो तो मलाच विचारतोय, मुतारी कुठाय म्हणून. याच अक्षरांत एक पाटी करून द्याल का? आणि खाली तेवढा एक बाण."