दादाची कळ

पक्षाघातानं दादाची सगळी भाषा नेली आणि मागे एकच शब्द ठेवला. कळ.

शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. माणूस इतका बोलका, की गिऱ्हाईक मशीन घेऊन पायऱ्या उतरलं तरी याची गोष्ट संपायची नाही. आता खाटेवर पडून दाराकडे बघत म्हणायचा, "कळ."

धाकटी बहीण त्याच्यापाशी येऊन राहिली. तिला आधी दुखणंच वाटलं. "कुठे येतेय रे? पाठीत? पोटात?" डॉक्टरांनी दाबून पाहिलं, कुठेच काही नाही. मग वाटलं, भिंतीवरची कळ. तिनं दिवा लावला, मालवला, पंखा लावला. दादा वैतागून तोंड फिरवायचा.

"आत्या, कळ लावणारं कुणी आठवलं असेल," भाचा म्हणाला, "तू आलीयेस ना!"

जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली बाई ती. "ती कळ कलहातली, मेल्या. यंत्राची म्हणे कलेतून आली. दुखण्याची कुठून, देव जाणे. तीन घरच्या तीन बायका, नाव तेवढं एक."

भाच्याचं हसू मावळलं. "पण माझ्याकडे बघून कधीच म्हणत नाहीत गं. दाराकडेच बघतात."

दाराशी वहिनीचं स्टूल होतं. वहिनी जाऊन वर्ष उलटलं होतं.

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. दादाचा आवाज आला, समजुतीचा, लाडीगोडीचा. "कळ... कळ..." धडधाकट हात त्यानं दाराकडे उचलला होता, कुणाला थोपवावं तसा.

हा हात तिनं कितीदा पाहिला होता! वहिनी नटूनथटून, पर्स काखेत मारून त्या स्टुलापाशी उभी: "चला ना, उशीर होतोय." आणि मशिनीत डोकं घातलेला दादा मागे न बघता: "अगं, जरा कळ काढ."

दाराशी कुणीच नव्हतं. तरी ती हातातली घडी ठेवून स्टुलाकडे वळली.

"वहिनी," ती म्हणाली, "एवढी कसली घाई? लेक संध्याकाळी येतोय. तेवढं भेटू द्या."

दादाचा हात हळूच खाली आला.

संध्याकाळी तिनं भाच्याला बळंच खाटेवर बसवलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला, डोळे भरून. दाराकडे नजर गेली नाही. शब्दही आला नाही. पहाटे तो गेला.

"काय हवं होतं गं त्यांना?" भाचा विचारत राहिला.

"थोडा वेळ," ती म्हणाली, आणि स्टुलाला वळसा घालून आत गेली.