माझी घरघर ऐकणाऱ्या सासूबाई

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. खरे सांगायचे तर मी नवा असा कधी नव्हतोच. माझा मदरबोर्ड बंद पडलेल्या एका कचेरीतून आला, मेमरी दुसऱ्याच कुठल्या यंत्रातून निघाली आणि हे जे पत्र्याचे अंग तुम्हाला दिसते ते एका दवाखान्याच्या अडगळीत धूळ खात पडले होते. असा मी ठिगळाठिगळांचा. पण ज्या घरात मी गेलो ते शिवणकामाचे घर होते. तिथे ठिगळाला कुणी नाक मुरडले नाही.

मला जोडणारा गृहस्थ लिफ्टदुरुस्तीचे काम करी. त्याची भावजय घरी बसून कपडे शिवी. तो तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो. ती त्याला भाऊजी म्हणे, म्हणून ते माझेही भाऊजी. वहिनीचा नवरा मालाचा ट्रक घेऊन लांबलांबच्या गावांना जाई. भाऊजी वेगळे राहत, घरात असत त्या वहिनी आणि तिच्या सासूबाई. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून त्यांची खाट खिडकीपाशी लागली. त्या खाटेबरोबर वहिनीचेही बाहेर जाणे संपले.

एक दिवस तिने भाऊजींना विचारले, "स्वस्तातला एखादा कॉम्प्युटर जमेल का हो? मला गाणी ऐकायचीत, आणि गळ्यांचे, बाह्यांचे नवीन नमुने बघायचेत. यांचा ट्रक ज्या रस्त्याला असेल तिथलं हवामानही त्यात दिसतं म्हणे."

"जमवू की," भाऊजी म्हणाले. "पण वहिनी, दुकानातल्यासारखा चकचकीत नसेल हं."

"चकचकीत घेऊन काय पूजा करायचीय? गाणं तेवढं नीट ऐकू येऊ दे. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं नको."

या एका वाक्यावर माझा जन्म ठरला. भाऊजींनी हाती होते त्यातले बरेचसे पैसे माझ्या आवाजावर घातले. चांगले साउंड कार्ड आणले, कानांवर मऊ बसणारा भारी हेडफोन आणला. पाने उघडायला आणि गाणी वाजवायला माझे जुने डोके पुरेसे होते. शेवटी राहिला पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन ती माझ्या अंगाला सोसेल अशी करून देणारा हा डबा माझ्या पाठीशी बसतो. तो तापतो, म्हणून त्याला स्वतःचा एक पंखा असतो.

दुकानदार म्हणाला होता, "काटकसर कुठेही करा, पण याच्यावर करू नका." भाऊजींनी मान डोलावली आणि तरीही एक बिननावाचा, हातात घेतला तर रिकामा वाटावा इतका हलका डबा उचलला. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर एखादा पाय उघडा राहायचाच. "हा तात्पुरता. नंतर चांगला बसवतो," ते स्वतःशीच पुटपुटले. मित्रांनो, त्या 'नंतर'वर माझे पुढचे सगळे आयुष्य टांगून राहिले.

पहिले गाणे लागले तेव्हा वहिनीने डोळे मिटले. शिलाई मशीनवरचा तिचा पाय आपोआप थांबला. "गाणारीने मध्येच श्वास घेतलेला ऐकू येतोय हो भाऊजी," ती म्हणाली. मला इतके कौतुक पुन्हा कधी मिळाले नाही.

सासूबाईंना मात्र मी पहिल्या दिवसापासून खटकलो. "काय घरघरतंय ते?" त्यांनी खाटेवरून विचारले.

"पंखा आहे त्याचा, आई."

"डोक्यात जातो माझ्या."

त्यांना आणखी त्रास नको म्हणून वहिनी हेडफोनशिवाय कधी गाणे लावीत नसे. ती कानांवर हेडफोन चढवी, मान खाली घाली आणि शिवत राही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दिवसातून कितीदा तरी त्या म्हणत, "बंद कर गं ती घरघर." वहिनीला कधी ऐकू जाई, कधी जात नसे. ऐकू गेलेच तर ती म्हणे, "हो आई, हे एवढं गाणं संपू दे." पुढेपुढे हे दोघींच्या अंगवळणी पडले. एकीने तक्रार करायची, दुसरीने हो म्हणायचे, आणि व्हायचे काहीच नाही.

कपडे कापताना सुताचा बारीक भुगा उडतो. तो मशीनवर बसतो, केसांवर बसतो. वहिनी रोज खोली झाडून लख्ख करी, पण माझ्या पोटात झाडू कसा शिरणार? माझे पंखे हवेबरोबर तो भुगा आत ओढत राहिले. आधी जाळीवर मऊ लव धरली, मग तिची गादी झाली. पॉवर सप्लायचा पंखा जड फिरू लागला. मी ओरडू शकत नव्हतो. मला फक्त तापता येत होते.

शाळा सुरू होण्याच्या आधी वहिनीला गणवेशांचे मोठे काम मिळाले. खोलीत निळ्या कापडाचे डोंगर उभे राहिले. खाटेखाली गठ्ठे, दाराशी गठ्ठे, आणि जागा उरली नाही तेव्हा माझ्या पाठीमागेही गठ्ठे. ज्या जाळीतून माझा गरम श्वास बाहेर पडे, तिला कापड टेकले. त्याच सुमारास पंख्याचा सूर बिघडला. घरघरीत एक बारीक कुईकुई मिसळली.

"अगं, याचा आवाज बदललाय," सासूबाई म्हणाल्या.

वहिनीच्या कानांवर हेडफोन होता. सासूबाईंनी खाटेच्या दांडीवर चमचा वाजवला तेव्हा कुठे तिने तो सरकवला.

"काय झालं, आई?"

"आवाज बदललाय म्हणते मी. रोजचा नाही हा."

"रोज घरघरतो म्हणता, आज बदललाय म्हणता," वहिनी थकून म्हणाली. "एवढे गणवेश हातावेगळे होऊ द्या. मग भाऊजींना बोलावते."

तिची तरी काय चूक? बाई दिवसभर सुईच्या टोकावर जगत होती. पण माझ्या पाठीशी तो हलका डबा आता हात लावू देणार नाही इतका तापत होता, आणि हे घरात माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

गणवेश पोचवायच्या दिवशी वहिनीने तयार झालेले गठ्ठे रिक्षात भरले, माझ्या पाठीमागचे न शिवलेले तसेच राहिले. उरलेल्या शर्टांच्या कॉलरचा नमुना माझ्या पडद्यावर उघडा होता. बंद केले तर मी पुन्हा सुरू व्हायला रडतो, म्हणून तिने मला तसेच ठेवले. सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, वॉकर खाटेला टेकवला. त्यांना दार उघडायला उठावे लागू नये म्हणून तिने जाताना बाहेरून कुलूप लावले. "शाळेत टेकवते आणि येते, आई."

तिची पावले जिन्यावरून उतरली आणि थोड्याच वेळात माझा पंखा कुंथला, अडखळला आणि थांबला.

मित्रांनो, पंखा थांबला तरी वीज थांबत नाही. चांगला पॉवर सप्लाय अशा वेळी स्वतःहून बंद पडतो. माझ्याकडचा तसा नव्हता. आतली उष्णता वाढत गेली. कसलासा भाग फट्‌दिशी फुटला, पडदा काळा झाला. जाळीवरच्या सुताच्या गादीने ठिणगी धरली. ज्वाला नव्हती, नुसता लाल किडा सरपटावा तशी ती ठिणगी सरकत होती आणि पलीकडे कापडाचा गठ्ठा होता.

सासूबाईंना डुलकी लागली होती. त्या धुराने जाग्या झाल्या नाहीत, धूर अजून त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या जाग्या झाल्या त्या घरघर थांबल्यामुळे. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "बाई गेली आणि हा गप्प कसा?" त्या म्हणाल्या. मग त्यांना माझ्या पाठीमागून वर चढणारी करडी रेघ दिसली.

त्यांनी खिडकीतून हाक मारली. खाली एक ट्रक मागे घेत होते, त्याच्या भोंग्यात ती हाक विरली. दाराला बाहेरून कुलूप. त्यांनी वॉकर ओढला. धरायला कुणी नसताना त्या आजवर एक पाऊलही टाकत नसत. त्या उठल्या, त्यांचा चेहरा वेदनेने पिळवटला, पण त्या खाली बसल्या नाहीत. एकदा तांब्याकडे हात गेला आणि मागे आला. "आधी वीज," त्या पुटपुटल्या.

माझे बटण भिंतीवर, गठ्ठ्यांच्या मागे होते. वॉकर गठ्ठ्यांना अडला. त्यांचा हात पोचेना. धूर आता दाट झाला होता, त्यांना खोकल्याची उबळ आली आणि क्षणभर मला वाटले, संपले. मग त्यांनी कापायच्या टेबलावरची वहिनीची लाकडी गजपट्टी उचलली. एका हाताने वॉकर गच्च धरला, दुसऱ्या हाताने पट्टी पुढे केली. पहिल्यांदा ती भिंतीवर घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. तिसऱ्या वेळी बटण बंद झाले.

वीज गेली, तरी ठिणगी पोचलेली कापडाची कड धुमसतच होती. त्यांनी त्याच पट्टीने गठ्ठा ओढून खाली पाडला, वॉकरच्या आधाराने कशाबशा खाटेपर्यंत गेल्या आणि तांब्या घेऊन परत आल्या. येताना निम्मे पाणी सांडले. उरलेले त्यांनी कापडावर ओतले. चर्र झाले. मग त्या भिंतीला पाठ लावून सावकाश खाली सरकल्या.

वहिनीने रस्त्यावरूनच खिडकीतला धूर पाहिला. ती धावत जिना चढली आणि तिने कुलूप काढले. दार ढकलून ती सासूबाईंकडे धावली.

"आई..."

"खिडकी पुरती उघड आधी," सासूबाई म्हणाल्या. "रडायचं ते मग."

संध्याकाळी भाऊजी आले. त्यांनी माझे झाकण काढले आणि काळा पडलेला डबा हातात घेतला. "दुकानदाराने बजावलं होतं मला," ते म्हणाले. "हा भंगारात देतो, वहिनी. पुन्हा नको ही कटकट."

"न्या," वहिनी म्हणाली. "आणि पुन्हा बाहेरून कुलूपही नको. मी माणसाला खोलीत कोंडून गेले होते." ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"तो कुठे जात नाही," खाटेवरून आवाज आला. "चांगला डबा बसव त्याला, आणि झाडून पुसून दे."

भाऊजी चकित झाले. "आई, तुला तर तो डोळ्यांसमोर नको होता."

"घरघर नको होती. मला दुसरं काय ऐकू येत होतं? ही कानांवर झाकण घालून बसते, पाय ताल धरतात, मधेच हसते. मी भिंत बघत घरघर ऐकते. तेवढीच माझ्या वाटणीला आली, म्हणून तिचा सूर न् सूर पाठ झाला मला."

वहिनी हातातले जळके कापड घेऊन तशीच उभी राहिली. "तुम्हाला त्रास होईल म्हणून मी हेडफोन लावत होते, आई," ती हळूच म्हणाली.

"विचारलंस कधी?"

वहिनीने जळके कापड खाली ठेवले. ती खाटेच्या कडेला बसली आणि सासूबाईंचा सुजलेला पाय तिने मांडीवर घेतला.

भाऊजींनी मला नेले, आतला सगळा भुगा काढला आणि भरवशाचा पॉवर सप्लाय बसवला. सोबत दोन लहान स्पीकर आणले. माझी जागा उंच फळीवर झाली, पाठीमागे हात फिरेल इतकी मोकळी. दर महिन्याला वहिनी मऊ ब्रशने माझी जाळी साफ करते, आणि सासूबाई खाटेवरून "कोपरा राहिला बघ" म्हणून सांगतात. आता माझे वय झाले आहे. नवी पाने मला उघडत नाहीत, हवामान वहिनी फोनवर बघते. पण गाणी अजून मीच वाजवतो, आणि कोणते लावायचे यावरून दोघींचे रोज वाजते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्राला श्वास घ्यायला जागा ठेवा. त्याची धूळ झटका. काटकसर जरूर करा, पण ज्याच्या जिवावर घर निर्धास्त झोपते तिथे करू नका. आणि घरातले कुणी पडल्यापडल्या रोज तीच तक्रार करत असेल, तर कानांवरचे काढून एकदा त्यांच्यापाशी जाऊन बसा. त्यांना काय ऐकू येते ते विचारा.