सदूची बोट

महिपतला स्वतःच्या घरातली बातमी हातखंब्याच्या तिठ्यावर कळली, चहाच्या टपरीत, धाकू गुरवाच्या तोंडून.

"म्हैपत, परत चाललास म्हनं मुंबयला?"

"कोन म्हनतो?"

"लपवतोस काय मेल्या माज्यापासनं? सोमवारी वहिनी आलेली देवळात. म्हनली, देवीला इचारा, घरातला मानूस हाय, बोटीनं जावं त्यानं का माघारी फिरावं. लावल्या पाकळ्या. डावी पडली. देवी जाऊ नको म्हनते तुला."

"बोट कुठली आता? बोट बंद होऊन जमाना झाला."

"आपन सगळे बोटीनंच गेलो ना रे? आपल्या पिढीला बोट म्हंजे मुंबय. वहिनीनं बरोबर शब्द वापरलान."

कौल म्हणजे देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. सोयरीक असो, घराचा पाया असो की कोर्टातली केस, गाव विचारल्याशिवाय हलत नाही. आणि पडलेला कौल कधी देवळात राहत नाही. धाकूने कळवळ्याने सांगितलं होतं, पण टपरीतल्या चार माणसांनी चहा प्यायचा थांबवून ऐकलं.

महिपत उठला. चहा तसाच राहिला. घरापर्यंतच्या चढणीवर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. देवी जाऊ नको म्हणते. म्हणजे 'ह्यानं जावं का' असं विचारणारी कोण? बायको.

रिटायर होऊन घरी आल्याला त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी अख्खी उमर मुंबईत, एका कागदाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात. राहायला गावकीची खोली. ती खोली ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून समजायची नाही. एका खोलीत अख्खं गाव. माणशी एक पत्र्याची पेटी आणि पेटीच्या वर कपडे टांगायला एक खिळा. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या उबेवर रातपाळीवाला निजायचा. बायका गावाला. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात पंधरा. एवढ्यात संसार करायचा, पोरं जन्माला घालायची, आईबापाचं दुखणं काढायचं आणि पुन्हा पेटी उचलायची. पुढारी ह्याला 'कोकणी माणसाचे कष्ट' म्हणून भाषणात टाळ्या घेतात. कष्ट कसले? लूट होती ती. पगार महिन्याला मिळायचा; गेलेल्या रात्री कोण भरून देणार होतं?

तर असा माणूस म्हातारपणी घरी येतो तेव्हा घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. त्याच्या बायकोला, तुळसाला, भाताची रोपं कधी उपटायची ते ठाऊक. काजूचा व्यापारी कसा पिळायचा ते ठाऊक. महिपतला दुधाचं भांडं कुठल्या फळीवर असतं ते ठाऊक नव्हतं. दोघांचं बोलणं म्हणजे "वाढू?" आणि "वाढ". भांडणसुद्धा नाही. भांडायलाही ओळख लागते.

आणि हीच तुळसा फोनवर मात्र लाहीसारखी फुटायची!

ती भानगड त्यांच्या मुलीची, शमिकाची. शमिका खेडला बँकेत, शनिवारी घरी यायची. तिने एकदा गेमचा डबा आणून टीव्हीला जोडला. महिपत म्हणाला, "ढिशुम ढिशुम होय?" त्याला वाटलं गेम म्हणजे तेवढंच. शिकलेल्यांनाही तसंच वाटतं. बघितलेलं नसतं, पण मत तयार. शमिकाच्या गेम गोष्टीच्या होत्या. माणसं, त्यांची दुःखं, आणि मध्येच गेम थांबून विचारायची, आता काय करू? तुम्ही सांगाल तशी गोष्ट पुढे जायची. तुळसा आधी तांदूळ निवडता निवडता बघायची. मग सूप बाजूला ठेवायला लागली. मग म्हणाली, "त्याला तिकडनं नको पाठवू गो, ती बाई खोटारडी हाय." आणि ती बाई खरंच खोटारडी निघाली!

शमिकाचा फोनवर एक ग्रूप होता, असल्या गेम खेळणाऱ्या मराठी पोरांचा. कोण कुठे रडलं, कोणी कुणाला वाचवलं, कुठली गोष्ट भिकार, ह्यावर रात्रंदिवस वाद. शमिकाने आईचं मत एकदा रेकॉर्ड करून टाकलं. झालं. तुळसाकाकी ग्रूपची न्यायाधीश झाली. वेळणेश्वरचा संदेश आणि राजिवड्याचा इद्रीस, जो आखातात टगबोटीवर होता, हे दोघे तर काकीचं मत आल्याशिवाय वाद मिटवत नसत.

आताची गोष्ट बर्फातल्या एका बंदराची. लढाई जवळ येतेय. एक हमाल, त्याचं परदेशी नाव जिभेवर बसेना म्हणून तुळसाने त्याला सदू केलं. सदूची आजारी बहीण डोंगरापलीकडे शेतावर. धक्क्यावर शेवटची बोट उभी. बोटीत चढायचं की बहिणीसाठी माघारी फिरायचं? गेल्या रविवारी शमिकाने तिथेच बंद केलं, कारण तिला एसटी गाठायची होती. आठवडाभर सदू धक्क्यावर उभा.

"काकी, सलाम," इद्रीसचा आवाज आला होता, मागे इंजिनाची घरघर. "मी चढवला त्याला बोटीत. खरं सांगू? मी पण असाच आलोय हिकडं. पुढचा अर्धा तास मी नुसता स्क्रीनकडं बघत होतो."

"मी फिरवला माघारी," संदेशचं म्हणणं. "लय त्रास झाला, पण झोप चांगली लागली. पुढं काय होतं ऐका—"

"शेवट सांगशील तर तोंडात माती घालीन," तुळसाने तिथल्या तिथे दम भरला होता.

महिपत हे सगळं पडवीतून ऐकायचा. राजिवड्याच्या परक्या पोराला आपल्या बायकोच्या मनातलं ठाऊक, आणि आपल्याला नाही. त्याला गेमचा राग नव्हता. त्याला त्या पोराचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो ह्याची लाज.

तर तो घरी पोचला तेव्हा शनिवारची दुपार होती. शमिका येऊन हातपाय धूत होती. महिपत सरळ माजघरात गेला आणि कोपऱ्यातली पेटी ओढली. पत्रा जमिनीवर किंचाळला.

तुळसा चुलीपुढून उठून आली. "काय झालं? कुठं चाललात?"

"मुंबयला."

"कशाला?"

"कशाला ता तूच सांग. धाकूला इचारलंस ना? मना इचारायची लाज वाटली? गावाला इचारलंस, देवीला इचारलंस. देवी बरी तुज्यापेक्षा. ती तरी नको म्हनली."

तुळसाच्या तोंडाचा आ झाला. दारात उभी शमिका टॉवेल हातात घेऊन आईकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"आई… तू सदूसाठी कौल लावलास?"

"मग काय करू?" तुळसा चिडली. "दोघं पोरं दोन तऱ्हा सांगतात. मना काय सुचंना. जीव जायची गोष्ट, अंदाजानं सांगू?"

"अगं आई, तो गेममधला आहे!"

"म्हनून काय झालं? घरातलाच हाय. रोज डोळ्यांसमोर उभा असतो."

शमिका भिंतीला टेकून हसत सुटली. महिपत मात्र हसला नाही. त्याने पेटीवरचा हात काढला नाही.

"त्या टीव्हीतल्या मानसासाठी देवळात गेलीस," तो हळू म्हणाला. "माज्यासाठी गेलीस कधी?"

शमिकाचं हसू थांबलं. तुळसाने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"गेले. दर शिमग्याला गेले. औंदा हे घरी ऱ्हानार काय, म्हनून. दर वेळी डावा. मग इचारायचं सोडलं."

महिपतचा हात पेटीवरून सुटला.

"आनि आता आलात," ती म्हणाली, "तर ती पेटी बघा. दोन वर्सं झाली, कपाटात तुमचा कप्पा रिकामा ठेवलाय मी. लेंगा पेटीत, दाढीचं सामान पेटीत, चष्मा पेटीत. पेटी भरलेली ठेवनाऱ्या मानसाला घरातला धरू का पावना?"

खरं होतं. सकाळी पेटीतून काढायचं, संध्याकाळी पेटीत ठेवायचं. त्याच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. त्यात जायचा विचार कधीच नव्हता. पण हे त्यालाही आत्ताच कळत होतं, तिला कुठून कळणार?

"कपाटात माजा कप्पा हाय, ता कोनी सांगितलं मना?" तो पुटपुटला.

"घराला पाटी लावू?"

शमिका शहाणी पोरगी. तिने दोघांच्या मधून वाट काढत टीव्ही लावला. बर्फ दिसला, धक्का दिसला, आणि आठवडाभर ताटकळलेला सदू. तिने कंट्रोलर बापाच्या हातात कोंबला.

"बाबा, तुम्ही सांगा. डावीकडचं बटण दाबलं तर माघारी, उजवीकडचं दाबलं तर बोट. चालू केलं की लगेच ठरवायचं, वेळ थोडा असतो."

"मी? कौल पडलाय ना हिचा."

"कौल पडला तरी पाऊल मानसालाच टाकायला लागतं," तुळसा म्हणाली आणि खाली बसली. त्याच्या शेजारी नाही, पण समोरही नाही.

बोटीचा भोंगा वाजला. सदू एकदा बोटीकडे बघे, एकदा डोंगराकडे. पडद्याच्या तळाशी वेळ मोजणारी एक पांढरी रेघ झरझर आखडत चालली. महिपतचे दोन्ही अंगठे दोन बटणांवर होते. भोंगा अगदी तसाच होता. रत्नागिरीच्या बंदरातून होडीने मोठ्या बोटीवर चढवलं होतं त्याला, मिसरूड फुटत असताना. रेघ संपली. अंगठे तसेच.

बोट सुटली. सदू धक्क्यावरच उभा राहिला. बर्फ पडत राहिला.

"ह्यॅ! काय केलंत?" तुळसा ओरडली.

"काय नाय केलं."

"काही नाही केलं की तो तसाच राहतो," शमिका म्हणाली. "हा शेवट ग्रूपमध्ये कुणालाच मिळाला नाही. थांबा, कळवायलाच हवं." तिने फोन उघडला, आईपुढे धरला.

तुळसाने बटण दाबलं. "इद्रीसा, संदेशा, आयका. सदू चढला नाय नि फिरला नाय. आमच्या ह्यांच्या हातात होता. हे नुसते बघत बसले. बोट गेली. आता बसा बोंबलत!"

महिपतला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आमच्या ह्यांच्या. आखातापर्यंत गेलं ते. लगोलग इद्रीसचं उत्तर आलं, खो खो हसत: "काकी, काकांना इचारा, का नाय दाबलं?"

तुळसाने फोन नवऱ्यापुढे केला. "इचारतोय तो. सांगा. हितं अंगठा ठेवा नि बोला."

शमिका चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेली.

महिपतने अंगठा ठेवला. घसा खाकरला.

"मी महिपत. तुळसाचा नवरा. मी… का नाय दाबलं म्हनशील तर बाबा, मी एकदा दाबलेलं. म्हंजे माज्या बापसानं दाबलं नि मी चढलो. लोक म्हनत, म्हैपत बोटीवर रडला. रडलो नाय रे. ओकलो. मुंबय येईपर्यंत ओकलो. मागं बघायला सवडच झाली नाय. तुमी पोरं भांडता, सदू वाईट का चांगला. जानारा वाईट नसतो. त्याला माघारी फिरायचं बटनच कोन दाखवत नाय. म्हनतात दोन पैसे जमले की फिर, बहिनीचं लगीन झालं की फिर, घर शाकारलं की फिर. मग एक दिवस शेठ म्हनतो, उद्यापासनं येऊ नको. तसा मी आलो. मी फिरलो नाय, मना फिरवला. म्हनून बायकोसमोर कुठल्या तोंडानं कप्पा मागू? ती म्हनेल, मी हाक मारली तवा नाय आलास. म्हनली असती तर चाललं असतं. ती म्हनतच नाय काय. वाढू, म्हनते फक्त. आनि मी वाढ म्हनतो. रोज ठरवतो, आज कायतरी बोलायचं. नि मग तिचा हात येतो ताटात भात घेऊन, नि मी… त्या सदूसारखा."

त्याने फोन खाली केला. अंगठा घामाने ओला झाला होता.

तुळसाने फोन हातात घेऊन बघितला. उलटा केला, सुलटा केला.

"गेलं नाय," ती म्हणाली. "अंगठा सुटला तुमचा पयल्याच वाक्याला. 'मी महिपत, तुळसाचा नवरा', एवढंच गेलंय."

"मग आता?"

"परत बोला."

"परत नाय यायचं तसं."

फोन तुळसाने टीव्हीशेजारी पालथा ठेवला. पडद्यावर सदू अजून धक्क्यावर होता, टोपीवर बर्फ साचलेला.

"नको," ती म्हणाली. "मी आयकलं."

मग ती उठली, पेटीपाशी गेली आणि कडी उघडून झाकण वर केलं. एक लेंगा काढला, झटकला, तोंड वाकडं केलं.

"जल्लं मेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास! हे आधी धुवायला लागंल. उठा. बसलात काय? कपाट तिकडं हाय."