ओल्या गोणपाटाखालची पुडी

दसऱ्याला दहा-बारा दिवस उरले होते, शेतात झेंडू तोडणीला आला होता, आणि माझ्या डोक्यात विजेचे झटके बसत होते. मान वळवली की झटका. टेम्पोत चढले की झटका. वर मळमळ, आणि गजरा ओवता ओवता उगाच डोळ्यांत पाणी.

"मनाचं हाय तुझ्या," आमचे हे म्हणाले.

मनाचंच आहे, नाहीतर काय! दोन वर्षं मनाच्याच गोळ्या घेतेय ना मी? त्याआधीच्या दसऱ्याला मी खाटेवरून उठले नव्हते. झेंडू झाडावरच काळा पडला. मग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि मी माणसांत आले. आता ती खाट परत बोलावते की काय, या धास्तीनं माझं जेवण सुटलं होतं.

माझ्या मते सगळं बिघडलं ते गेल्या महिन्यात. नेहमीच्या पाकिटाऐवजी यांनी मोठ्या डब्यातल्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत आणल्या. जेनेरिक म्हणे.

"औषध तेच हाय. फक्त कंपनी दुसरी. निम्म्यात देतो तो."

"गेल्या साली बियाणं पण तेच होतं ना? कंपनीच दुसरी होती. किती उगवलं?"

यावर यांना विहिरीवरची मोटर बंद करायची आठवण झाली.

मी औषधवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, सगळ्यांना हेच देतो. कुणाची तक्रार नाही."

"अहो, ज्यांना रडू येतं ती माणसं तक्रार करायला घराबाहेर पडतात होय?"

शेवटी फुलबाजार आटोपून, टोपली घेऊन तशीच दवाखान्यात गेले. हेही आले, औषधवाल्याचे वकील असल्यासारखे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कंपनी बदलली की काहींना त्रास होतो, हे खोटं नाही. मला विचारायला हवं होतं. दाखवा गोळ्या."

मी टोपलीवरचं ओलं गोणपाट उचललं, उरलेला निशिगंध बाजूला सारला आणि तळाची पुडी काढून दिली. बाईंनी उलगडली. आत फुगून चिरलेल्या पाच-सहा गोळ्या, बाकी पांढरा चिखल. एका गोळीला झेंडूची पाकळी चिकटलेली.

"रोज यातलं किती घेता?"

"हाताला लागेल तेवढं."

"म्हणजे कधी अर्धी, कधी पाव. अचानक औषध कमी पडलं की झटके येणारच. पण फुलांच्या टोपलीत का ठेवलंत?"

मी यांच्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. सासूबाईंना या गोळ्यांचं ठाऊक नव्हतं. घरातला एक डबा त्यांच्या हातातून सुटत नाही. माझी टोपली तेवढी सुटते. शिवाय जे टिकवायचं ते ओल्या गोणपाटाखाली, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. जुन्या गोळीला चांदीचा कागद होता म्हणून ती तगली.

"म्हंजे दोष कंपनीचा नव्हता तर!" यांना राहवलं नाही.

"तुम्ही गप्प बसा," मी आणि डॉक्टरीणबाई एकदमच म्हणालो.

बाईंनी लिहून दिलं. स्वस्तातली चालेल, पण बंद पाकिटातली, आणि दर महिन्याला एकाच कंपनीची. मनानं बंद करायची नाही. त्रास राहिला तर लगेच यायचं. "आणि घरात, कोरड्या जागी ठेवा."

घरात कोरडी जागा एकच, सासूबाईंचं फडताळ. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी मी पाकीट ठेवलं.

"हे कशाचं गं, लता?"

"कॅल्शि—" यांनी तोंड उघडलं.

"त्या साली खाटेवर पडले होते ना, आई," मी म्हणाले, "त्याच्या गोळ्या आहेत. दोन वर्षं घेते. फुलांत लपवत होते."

सासूबाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. "लय शहाणी! औषध का भिजवत्यात? माझ्या डब्यात ठेव. झाकण घट्ट हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्यावर रुसून पडलीस तवा."

मी चूल पेटवायला उठले.

दोन वर्षं लपवून जपलेली गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली, ते सांगायला नकोच. पण झटके कमी होत गेले. दसऱ्याच्या पहाटे मी झेंडूच्या पाट्या टेम्पोत चढवून वर बसले. टेम्पो हलला आणि ओट्यावरून सासूबाईंनी हाळी दिली,

"अगं, मनाची गोळी घेतली का?"

चार घरांच्या खिडक्या उघडल्या.

"घेतली!" मीही तितक्याच मोठ्यानं ओरडले.